उत्तर नाही दिलंस तरी चालेल

‘काही लागलं तर सांग.’ त्रासात असलेल्या माणसाला आपण सगळ्यात जास्त वेळा लिहितो ते वाक्य बहुधा हेच असेल. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याला खरंच मदत करायची असते, काय करावं ते सुचत नसतं, म्हणून तो एवढं लिहून थांबतो. पण नैराश्यात असलेल्या माणसाच्या बाजूने हे वाक्य वाचून बघा. आपल्याला नक्की काय लागतंय, हे त्याला आधी शोधायचं आहे. मग ते मागण्याजोगं आहे का, हे ठरवायचं. मग कुणाकडे मागायचं, कुठल्या शब्दांत, आणि समोरच्याला अवघड वाटलं तर काय, हा सगळा विचार करायचा. ज्याला अंथरुणातून उठून दात घासण्यापुरतं बळ गोळा करायला दुपार होते, त्याच्यापुढे आपण इतकी कामं ठेवतो. आणि तो काहीच सांगत नाही, तेव्हा आपली समजूत होते की त्याला काही लागत नसावं.

माझ्या अगदी जवळची दोन माणसं या त्रासातून गेली. एक जुनी मैत्रीण, आणि नंतर काही वर्षांनी माझा भाचा. त्यांना लिहिता लिहिता, आणि इतरांनी त्यांना काय लिहिलं ते बघता बघता, माझं एक मत घट्ट होत गेलं आहे. अशा वेळचा संदेश वाचणाऱ्याकडून काहीतरी मागत असतो. कधी उत्तर मागतो, कधी बरं होणं मागतो. कधी ‘तुझ्यामुळे धीर आला’ अशी पोचपावती मागतो. शब्द कितीही मायेचे असले तरी ही मागणी लपत नाही. ज्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नाही त्याला ती सगळ्यात आधी दिसते. म्हणून शब्द जपून निवडायचे म्हणजे मला वाटतं मुख्यतः ही मागणी कमी करायची. गोड शब्द शोधणं त्याच्या खूप नंतर येतं.

मैत्रीण सावरल्यानंतर एकदा तिने फोन काढला आणि त्या महिन्यांत आलेले संदेश मला वाचून दाखवायला लागली. तिच्या मनात कुणाबद्दल तक्रार नव्हती. तिलाच कुतूहल होतं की तेव्हा आपल्याला कशाने बरं वाटलं आणि कशाने नाही. ‘लवकर बरी हो, आम्ही सगळे वाट बघतोय.’ ती म्हणाली, ‘यातलं मला फक्त वाट बघतोय एवढंच दिसायचं. किती जणांना मी ताटकळत ठेवलंय, असं वाटायचं.’ पुढचा: ‘तू किती खंबीर आहेस, यातूनही बाहेर पडशीलच.’ यावर ती जरा थांबली. म्हणाली, ‘हा वाचला त्या दिवशी मी रडायचं थांबवलं होतं. बरं वाटून नाही. खंबीर माणसं रडत नाहीत म्हणून.’ आणखी एक होता, ‘अगं, फोन का उचलत नाहीस? मला झोप लागत नाही तुझ्या काळजीने.’ पाठवणारी तिची सख्खी मावसबहीण, आणि ती खरोखरच जागी राहिलेली. तरी त्या वाक्याने मैत्रिणीच्या डोक्यावर आणखी एका माणसाच्या झोपेची जबाबदारी टाकली.

मग तिने एका सहकाऱ्याचे संदेश दाखवले. फारशी ओळखही नसलेला माणूस. दर आठवड्याला दोन ओळी. ‘तुमच्याकडचा अहवाल मी पूर्ण करून दिला आहे. कुणी काही विचारलेलं नाही. उत्तर नाही दिलंत तरी चालेल.’ पुढच्या आठवड्यात असंच काहीसं दुसऱ्या कामाबद्दल. त्यात सहानुभूतीचा एकही शब्द नव्हता. मैत्रीण म्हणाली, ‘याचा संदेश आला की मी लगेच उघडायचे. इतरांचे दिवस दिवस न उघडता पडून असायचे.’

न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे लोक आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदी घेऊन नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला होता. तो २००० साली प्रसिद्ध झाला. जोडीदाराने ‘आज मी आधार दिला’ अशी नोंद केली, पण परीक्षार्थीला तो आधार म्हणून जाणवलाच नाही, अशा दिवसांचा फायदा सगळ्यात जास्त दिसला. आधार दिला जातोय हे कळलं की त्याची किंमतही चुकवावी लागते. आपण कमी पडतोय असं वाटतं, आपण ऋणात आहोत असं वाटतं. त्या सहकाऱ्याला हा अभ्यास ठाऊक असण्याची शक्यता नाही. काम झालंय एवढं सांगून तो बाजूला होत होता.

नैराश्यातलं मन वाचतं कसं, हेही लक्षात घ्यायला हवं. अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली गोष्ट आज मानसोपचाराच्या पहिल्या धड्यात शिकवली जाते. नैराश्यात माणूस स्वतःकडे, भोवतालच्या जगाकडे आणि पुढच्या दिवसांकडे एकाच काळ्या नजरेने बघायला लागतो. त्यामुळे वाक्यात दोन अर्थांना जागा असेल तर तो वाईट अर्थ उचलतो. ‘बरं, तुझी इच्छा’ हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलेलं असतं, त्याला त्यात वैताग ऐकू येतो. ‘आपण बोलायला हवं’ एवढंच लिहून तुम्ही कामाला लागता, तो पुढचे चार तास आपलं काय चुकलं ते शोधत बसतो. एकाग्रता कमी झालेली असते, त्यामुळे लांब संदेशाची पहिली आणि शेवटची ओळ तेवढी वाचली जाते. तुम्ही मधल्या परिच्छेदात लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आणि बरी असलेली माणसं तरी लिखित शब्दातला सूर कुठे नीट ओळखतात? जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने ईमेलवर पाठवायला सांगितलं. आपला सूर समोरच्याला ७८ टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळा कळला. डोळे मिटून अंदाज केला असता तरी पन्नासच्या आसपास बरोबर आले असते. लिहिताना आपला आवाज आपल्या डोक्यात चालू असतो, त्यामुळे तो कागदावरही उतरलाय अशी आपली खात्री असते. म्हणून पाठवण्याआधी तेच वाक्य रागावलेल्या माणसाच्या आवाजात एकदा मोठ्याने वाचून बघावं, असं मी सगळ्यांना सांगते. तरीही ते मायाळू वाटलं तर पाठवायला हरकत नाही.

‘सकारात्मक विचार कर’ या सल्ल्याबद्दल पुष्कळ बोलून झालं आहे. मला त्याच्या शेजारच्या गोष्टीबद्दल जास्त बोलावंसं वाटतं, ती म्हणजे कौतुक. खचलेल्या माणसाला आपण भरभरून सांगतो, तू किती चांगला आहेस, किती हुशार आहेस, लोकांचं तुझ्यावर किती प्रेम आहे. यात वावगं काय असणार? जोअ‍ॅन वुड यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं वाक्य लोकांना मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत मुळात चांगलं होतं त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांना या वाक्याची गरज होती, त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. डोक्यात आधीच चालू असलेल्या वादाला त्या वाक्याने नवा मुद्दा पुरवला. पाच वर्षांनी डेनिस मॅरिगोल्ड, वुड आणि इतर सहकाऱ्यांनी याच्या पुढचं पाहिलं. स्वतःबद्दल वाईट मत असलेली माणसं ‘यातूनही काही चांगलंच निघेल’ असा दिलासा झिडकारतात, आणि ‘हे वाईटच झालं, असं वाटणं साहजिक आहे’ असं म्हणणाऱ्याला जवळ येऊ देतात. दिलासा देणाऱ्यालाही मग वाटतं की आपलं बोलणं वाया गेलं, आणि हळूहळू तो बोलणं कमी करतो. मला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. चुकीच्या शब्दाने होणारं नुकसान एका संदेशावर थांबत नाही, त्याने नातंच विरत जातं.

म्हणजे कौतुक करायचंच नाही का? करावं, पण त्याला विश्वास ठेवता येईल इतकंच. ‘तू ग्रेट आहेस’ यावर तो वाद घालू शकतो. ‘मागच्या वर्षी माझं काम अडलं होतं, तेव्हा तू रात्री थांबून ते समजावून दिलं होतंस, मला ते आठवतं’ यावर वाद घालता येत नाही, कारण ते घडलेलं आहे. आणि ते आठवून त्याने पुढे काही सिद्ध करायचंही नाही.

या सगळ्याला शास्त्राचा सगळ्यात भक्कम आधार मला एका जुन्या प्रयोगात दिसतो. जेरोम मोटो हे सॅन फ्रान्सिस्कोमधले मानसोपचारतज्ज्ञ. १९६९ ते १९७४ या काळात नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे तीन हजार लोकांची त्यांच्या गटाने गाठ घेतली. घरी गेल्यावर यांतल्या ८४३ जणांनी पुढचे उपचार नाकारले किंवा मध्येच सोडले. मोटोंनी या ८४३ जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला काहीच पाठवलं नाही. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला पत्र पाठवलं. पहिले चार महिने दर महिन्याला, मग आठ महिने दोन-दोन महिन्यांनी, आणि त्यानंतर चार वर्षं तीन-तीन महिन्यांनी. पाच वर्षांत मिळून २४ पत्रं.

पत्रात काय होतं? तुम्ही इथे येऊन गेलात त्याला काही काळ लोटला, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, कधी दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल. बस, एवढ्या आशयाची दोन वाक्यं. पुढच्या भेटीची तारीख त्यात नव्हती. औषधं घेताय का, हा प्रश्न नव्हता. उपचार का सोडलेत, याचा तर उल्लेखही नव्हता. पत्रं एकेकाला स्वतंत्र टाइप केलेली असत, दर वेळी शब्द थोडे वेगळे असत, आणि कुणी उत्तर पाठवलं तर पुढच्या पत्रात त्याची दखल घेतलेली असे. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्या गटात आत्महत्यांचं प्रमाण स्पष्टपणे कमी राहिलं. त्यानंतर दोन्ही गटांतलं अंतर हळूहळू कमी होत गेलं आणि पुढे मिटलं. प्रयोगाचे सविस्तर निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

मोटो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते आणि तिथे त्यांना एका ओळखीच्या मुलीची पत्रं येत असत. या प्रयोगाची कल्पना त्या पत्रांच्या आठवणीतून आली, असं ते सांगत. त्यांनी मजकूर लिहिताना किती काटछाट केली असेल, याचा मी अनेकदा विचार करते. डॉक्टरला विचारण्यासारखं किती काय असतं! ते सगळं बाजूला ठेवून ‘लिहावंसं वाटलं तर’ एवढंच ठेवायचं, आणि उत्तर आलं नाही तरी ठरलेल्या महिन्यात पुढचं पत्र टाकायचं. उत्तराची अट नव्हती हे तोंडाने सांगणं सोपं आहे. त्यांनी ते चोविसाव्या पत्रापर्यंत करून दाखवलं. लोकांना अट नसल्याची खात्री त्यातूनच पटली असणार.

पुढे इतरांनीही हे करून पाहिलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये ग्रेगरी कार्टर यांनी विष घेऊन रुग्णालयात आलेल्या लोकांना वर्षभरात आठ पोस्टकार्डं पाठवली. २००५ मध्ये त्यांनी लिहिलं, की पुन्हा असं करणाऱ्या माणसांची संख्या फारशी बदलली नाही, पण असे प्रसंग एकूण मिळून जवळजवळ निम्म्यावर आले. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला अशाच कार्डांचा उपयोग करून पाहिला, तेव्हा तसा फरक सिद्ध झाला नाही. दोन ओळींनी कुणाचाही जीव वाचतो, असं म्हणणं खोटं ठरेल. ज्याला औषधांची, डॉक्टरची, सुरक्षित जागेची गरज आहे त्याला ते मिळायलाच हवं. पण रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवलेलं आहे. आणि नेमके त्याच आठवड्यांत आपण सुटकेचा श्वास टाकून लिहिणं थांबवतो. दाखल असताना रोज विचारपूस होते. घरी आला म्हणजे बरा झाला, असं धरून सगळे आपापल्या मार्गाला लागतात.

इथे कुणी म्हणेल, इतकं तोलून मापून लिहायचं असेल तर माणूस लिहिणारच नाही. चुकण्याच्या भीतीने गप्प बसेल. ही शंका खरी आहे आणि मला तिची काळजी वाटते, कारण गप्प बसणं हे वेड्यावाकड्या शब्दांपेक्षाही जास्त दुखावतं. २०२२ मध्ये पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. बऱ्याच दिवसांत संपर्क नसलेल्या माणसाला ‘आठवण आली’ म्हणून केलेला साधा संदेश त्याला किती आवडेल, याचा पाठवणाऱ्यांचा अंदाज सातत्याने कमी निघाला. आधार देण्याबद्दलही असंच दिसलं आहे. देणारा ‘मी योग्य बोललो का’ याच विचारात अडकतो, घेणारा मात्र समोरच्याची माया बघत असतो. तेव्हा अडखळत लिहिलं तरी चालतं. ‘काय लिहावं ते मला कळत नाहीये, पण तू मनात आहेस. उत्तर नको देऊस’ हे मी वाचलेल्या सगळ्यात चांगल्या संदेशांपैकी एक आहे. लिहिणाऱ्याकडे भाषा नव्हती, पण त्याने मागितलंही काही नव्हतं.

एका ठिकाणी मात्र हे मत मी बाजूला ठेवते. जिवाचा प्रश्न असतो तेव्हा उत्तर मागावंच लागतं.

कुणाच्या बोलण्यात ‘मी नसलो तर सगळ्यांचं बरं होईल’, ‘आता कंटाळा आलाय या सगळ्याचा’ असं यायला लागलं की आपण घाबरतो आणि विचारतो, ‘तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?’ या प्रश्नात शेवटचा ‘ना’ सगळं बिघडवतो. त्याला ‘नाही’ एवढं एकच उत्तर हवं आहे. समोरच्याने ते दिलं की आपल्याला हायसं वाटतं, आणि तो मात्र पहिल्यापेक्षा एकटा पडतो, कारण आता त्याने खोटं बोलून आपल्याला सांभाळलेलं असतं. शिवाय ‘वेडंवाकडं’ म्हटलं की जे मनात येतंय ते वेडेपणाचं आहे, हा निकालही देऊन झाला. त्याऐवजी सरळ विचारावं, ‘जीव द्यायचे विचार मनात येतात का?’ आणि मग थांबावं. हो म्हणायला आणि नाही म्हणायला सारखीच जागा असलेला प्रश्न हवा.

असं उघड विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर मॅडलिन गूल्ड यांनी हे तपासून पाहिलं. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. आत्महत्येबद्दल विचारलेल्या मुलांमध्ये ते विचार वाढले नाहीत, अस्वस्थताही वाढली नाही. आधीपासून नैराश्याची लक्षणं असलेल्या मुलांना तर विचारल्यावर थोडं हलकंच वाटलं असावं, असं आकडे सुचवत होते. तेव्हा ती भीती सोडून द्यावी. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचे शब्दही तितकेच सरळ हवेत. कसं करायचं ते ठरवलंय का, जवळ काही आहे का, आत्ता कोण आहे सोबत. धोका जवळचा वाटला तर टाइप करत बसू नये. फोन करावा, जाता येत असेल तर जावं, नाहीतर जवळ कोण पोचू शकेल त्याला आणि तातडीच्या सेवेला कळवावं. ‘कुणाला सांगणार नाहीस असं वचन दे’ असं म्हणाला, तर वचन देऊ नये. ‘हे मी एकटी सांभाळू शकणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू’ हे खरं असतं आणि त्यात त्याला बाजूला टाकलेलं नसतं.

मदतवाहिनीचा नंबर पाठवतानाही हेच. नुसता नंबर आला की वाचणाऱ्याला वाटतं, मला दुसऱ्याकडे ढकललं. ‘हा नंबर आहे. मी फोनवर आहे, तू दुसऱ्या फोनवरून लाव’ किंवा ‘मी येते, आपण मिळून लावू’ असं जोडलं की नंबर तोच राहतो, पण तो पाठवणारी जागची हललेली नसते.

घरात आणि कामाच्या ठिकाणी त्या माणसाबद्दल आपण आपसांत काय बोलतो, तेही शेवटी त्याच्यापर्यंत पोचतं. ‘नाटकं’, ‘डोक्यावर परिणाम’, ‘तिचं ते सुरू झालं पुन्हा’. यात या क्षेत्रात काम करणारी माणसंही सुटत नाहीत. जॉन केली यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाचशेहून अधिक मानसिक आरोग्य व्यावसायिकांना एकाच रुग्णाचं वर्णन दिलं होतं. अर्ध्यांना दिलेल्या वर्णनात त्या माणसाला व्यसनी ठरवणारा शब्द होता, अर्ध्यांना दिलेल्या वर्णनात ‘व्यसनाचा विकार असलेली व्यक्ती’ असं होतं. बाकी मजकूर अक्षरशः सारखा. पहिलं वर्णन वाचणाऱ्यांचा कल हा माणूस स्वतःच जबाबदार आहे, त्याला शिक्षा व्हायला हवी, असं म्हणण्याकडे जास्त होता. हे रोज अशाच रुग्णांना भेटणारे लोक होते.

लहानसहान गोष्टींबद्दल एवढंच, की संदेश वाचल्याची खूण दिसते ती सोय त्रासातल्या माणसाला जाचक होते. वाचलं, पण उत्तर दिलं नाही, हे समोरच्याला दिसणार म्हणून तो उघडतच नाही. त्याला एकदा स्पष्ट सांगून टाकावं, की वाचून ठेवलंस तरी मला पुरे. आणि सकाळच्या सुविचारांच्या फॉरवर्डच्या रांगेत आपला खरा संदेश हरवणार नाही, एवढी तरी काळजी घ्यावी.

राहतं ते उत्तर. आपण न मागता, कित्येक आठवड्यांनी, एखाद्या रात्री ते येतं. माझ्या मते खरी कसोटी इथे लागते, कारण आतापर्यंत आपण जपून लिहिलेलं असतं आणि आता आनंदाच्या भरात आपण एकदम दहा प्रश्न विचारतो, तीन उपाय सुचवतो. माणूस जेमतेम बाहेर डोकावलेला असतो, तो पुन्हा आत जातो.

भाच्याचा संदेश असाच उशिरा रात्री आला होता. वर्गात जाणं बंद केलंय, परीक्षेचा फॉर्म भरला नाही, घरी कुणाला माहीत नाही, आरशात बघवत नाही. मी लिहिलं, ‘वाचलं सगळं. सांगितलंस ते फार बरं केलंस. इतके दिवस हे एकट्याने धरून ठेवणं किती जड गेलं असेल.’ मग त्याला सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का. बराच वेळ टाइप करत असल्याचं दिसत राहिलं. मग आलं, ‘मध्यंतरी यायचे. आता नाही. पण सगळं थांबावं असं वाटतं.’ मी म्हटलं, ‘थांबावंसं वाटणं मला समजतं. ते पुन्हा यायला लागले तर कितीही वाजले असले तरी मला फोन कर, आणि पुढच्या आठवड्यात आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी बरोबर येते. बाकी आज काही ठरवायला नको.’

‘मावशी, तू आईला सांगशील?’

‘तुझ्या जिवाला धोका वाटला तर सांगेन, आणि आधी तुला कळवून सांगेन. तसं नसेल तर तुला विचारल्याशिवाय नाही.’

‘बरं.’

‘उद्या संध्याकाळी मी फोन करते. बोलावंसं वाटलं नाही तर कट कर आणि नुसतं “आहे” एवढं पाठव. मी परवा पुन्हा करेन.’

दुसऱ्या दिवशी त्याने फोन कट केला आणि लगेच ‘आहे’ आलं. मी काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने उचलला, आणि आम्ही फॉर्मची मुदत संपली आहे का, उशिराचा भरता येतो का, ते शोधत बसलो.